दुकानात मिळतो म्हणून पोटातल्या बाळाला चालतो का?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात संशोधकांनी गांजा विकणाऱ्या ४०० परवानाधारक दुकानांना फोन लावले. फोनवरची बाई सांगायची की तिला आठ आठवडे झालेत, मळमळीने ती हैराण आहे, यावर काही मिळेल का. ती खरी गरोदर नव्हती, पण दुकानदारांना ते माहीत नव्हतं. २०१८ साली या फोनांचा हिशेब छापून आला. ४०० पैकी २७७ दुकानांनी तिला गांज्याचा कुठला ना कुठला प्रकार सुचवला. गरोदरपणात गांजा घ्यायला हरकत नाही, असं ३६ टक्के दुकानांनी सांगून टाकलं. डॉक्टरांचं नाव आपणहून काढणारी दुकानं एक तृतीयांशही भरली नाहीत.

त्या दुकानदारांवर राग काढून काही साधणार नाही. काउंटरमागे उभ्या असणाऱ्याला औषधांचं शिक्षण नसतं, आणि यातल्या बहुतेकांनी सल्ला दिला तो स्वतःच्या मतावरून. मला काळजी वाटते ती असा फोन खरोखर करणाऱ्या बाईची. आठव्या आठवड्यात शिजणाऱ्या कशाचाही वास नकोसा होतो, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. घरात अजून सगळ्यांना सांगितलेलं नसतं. डॉक्टरांची पहिली भेटही कित्येकदा व्हायची असते. अशा वेळी जो फोन उचलतो आणि आपुलकीने बोलतो, त्याचं म्हणणं पटतं. तो ज्या वस्तूबद्दल बोलतोय तिला सरकारने परवाना दिलेला आहे, डबीवर लेबल आहे, पावती मिळते. मग एवढं काय त्यात, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं?

तिच्या बाजूने आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. गांज्याने मळमळ थांबते ही नुसती अफवा नाही. गांज्यातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. हाच रेणू प्रयोगशाळेत बनवून केलेलं औषध अमेरिकेत १९८५ पासून केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी दिलं जातं. पण केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात ते औषध एकट्या त्याच्यासाठी जातं. गरोदर बाईच्या शरीरात ते दोघांना मिळतं, आणि त्यातल्या एकाचा मेंदू अजून बनतोय.

हे टीएचसी शरीरात नेमकं करतं काय? १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते गांज्यातून वेगळं काढलं. पुढे कळलं की आपल्या पेशींवर या रेणूला धरून ठेवणाऱ्या खास जागा आहेत. एका वनस्पतीतल्या द्रव्यासाठी माणसाच्या मेंदूत जागा राखून कशा? मग शोध सुरू झाला तो शरीर स्वतःच बनवत असलेल्या तशाच द्रव्याचा. १९९२ मध्ये ते सापडलं आणि त्याला नाव दिलं गेलं आनंदामाइड. हो, आपला 'आनंद'च, संस्कृतातून उचललेला.

नावामुळे वाटतं की हे द्रव्य फक्त सुखासाठी असेल. खरं तर पोटातल्या बाळासाठी त्याचं काम फार मोठं आहे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्यापासून ते मेंदूतल्या नव्या पेशींनी कुठवर सरकायचं, कुठल्या पेशीला जाऊन जोडायचं, इथपर्यंतच्या कामात शरीरातली ही संदेशयंत्रणा गुंतलेली असते. आनंदामाइड जागच्या जागी तयार होतं, निरोप देतं आणि लगेच मोडून टाकलं जातं. बांधकामावर मुकादमाने एका गवंड्याच्या कानाशी जाऊन सांगावं, 'इथे थांब, तिकडची भिंत घे', तसं. टीएचसी त्याच जागा धरतं, पण ते लगेच मोडत नाही, आणि कुणाशी काय बोलायचं हेही त्याला ठाऊक नसतं. सबंध बांधकामावर कुणीतरी मोठ्याने भोंगा लावल्यासारखं होतं. मानवी गर्भाच्या मेंदूत या जागा चौदाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात.

आईच्या रक्तातलं सगळंच बाळापर्यंत पोचत नाही, मध्ये वार म्हणजे प्लासेंटा असते, ती वाईट ते अडवते, असा एक दिलासा बऱ्याच जणांना वाटतो. वार काही गोष्टी अडवते हे खरं. पण टीएचसीचा रेणू लहान आहे आणि चरबीत सहज विरघळतो. असे रेणू वारेतून आरपार जातात. चरबीत विरघळण्याचा दुसरा परिणाम असा की ते शरीरात साठून राहतं आणि सावकाश बाहेर पडतं. रोज गांजा ओढणाऱ्या माणसाने तो सोडला तरी कित्येक आठवडे लघवीत त्याचा अंश सापडू शकतो. अंगावरच्या दुधाचंही तेच. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की शेवटचा वापर होऊन सहा दिवसांपर्यंत आईच्या दुधात टीएचसी आढळतं. दारूच्या बाबतीत काही तास थांबा आणि मग पाजा, असा हिशेब काही बायका करतात. इथे तो हिशेब लागूच होत नाही.

ओढण्याऐवजी खाल्लं तर? धूर टळतो, कार्बन मोनॉक्साइड टळतो, ते चांगलंच. पण टीएचसी तरीही वारेपलीकडे जातंच. गांज्यातलाच पण नशा न आणणारा घटक, सीबीडी, तो तरी? अमेरिकेचं औषध प्रशासन गरोदरपणात आणि दूध पाजताना तेही घेऊ नका असं सांगतं.

आता आकड्यांकडे येऊ. इथे लोक दोन्ही बाजूंनी घाई करतात. एक जण म्हणतो बाळाचं वाटोळं होतं, दुसरा म्हणतो काहीच होत नाही.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ६,६१,६१७ गरोदरपणांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास आला. त्यातल्या ९,४२७ बायकांनी गांजा घेत असल्याचं सांगितलं होतं. मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाण गांजा न घेणाऱ्यांत ६.१ टक्के होतं, घेणाऱ्यांत १२ टक्के. म्हणजे दुप्पट! बातमी इथेच संपवता येते, पण तसं करणं खोटेपणाचं ठरेल. कारण गांजा घेणाऱ्या बायकांमध्ये सिगारेट ओढणाऱ्या, दारू घेणाऱ्या, मानसिक त्रासातून किंवा ओढाताणीतून जाणाऱ्या जास्त होत्या, आणि या प्रत्येक गोष्टीने बाळ लवकर येऊ शकतं. म्हणून संशोधकांनी जोड्या लावल्या. वय, सिगारेट, दारू, परिस्थिती सारखी, फरक फक्त गांज्याचा, अशा बायका एकमेकींसमोर ठेवल्या. मग आकडे आले ७.२ आणि १०.२ टक्के.

याचा अर्थ असा. शंभर सारख्या बायकांत सात जणी मुदतीआधी बाळंत झाल्या असत्या, तिथे दहा झाल्या. नव्वद जणींचं बाळंतपण वेळेवरच झालं. आपल्या ओळखीतली कुणी म्हणते ना, मी घेतला होता, माझं बाळ ठणठणीत आहे, ती बहुधा या नव्वदांतली असते आणि ती खरंच बोलत असते. पण वाढलेल्या त्या तीन जणींची बाळं अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत असू शकतात, आणि आपण त्या तिघींपैकी एक असू की नाही हे आधी कुणालाच कळत नाही.

ओंटारिओच्या अभ्यासाची एक उणीव अशी की तो बायकांनी तोंडाने सांगितलेल्यावर उभा होता. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासाने विचारण्याऐवजी साठवलेल्या लघवीच्या नमुन्यांची तपासणी केली. ९,२५७ बायकांपैकी ६१० जणींच्या नमुन्यांत गांज्याचा अंश निघाला. बाळाची वाढ कमी होणं, आईचा रक्तदाब वाढणं, डॉक्टरांना मुदतीआधीच बाळंतपण करावं लागणं, बाळ पोटातच दगावणं, यांपैकी काही ना काही घडण्याचं प्रमाण त्यांच्यात २५.९ टक्के होतं, इतरांत १७.४ टक्के. सिगारेट वगैरे बाकीची कारणं हिशेबात धरल्यावरही धोका सुमारे २७ टक्क्यांनी जास्तच राहिला. मला या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच वाटतो. पहिल्या तीन महिन्यांतच वापर थांबलेल्या बायकांमध्ये ही वाढ ठामपणे दिसली नाही, पुढेही घेत राहिलेल्यांमध्ये दिसली. दिवस गेल्याचं कळायच्या आधी दोन-तीनदा गांजा घेतला गेला म्हणून रात्ररात्र जागणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं. झालं ते झालं, आज थांबलीस तर त्याचा उपयोग आहे.

२०२५ मध्ये ५१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. कमी वजनाचं बाळ, मुदतीआधीचं बाळ, दोन्हींची शक्यता त्यातही वाढलेलीच निघाली. उलट दिशेचं एक उदाहरणही सांगायला हवं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदींत गांजा घेणाऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आणि वार आधीच सुटण्याचा धोका जास्त दिसला, पण गरोदरपणातला मधुमेह थोडा कमी दिसला. म्हणून कुणी तो मधुमेहावर उपाय म्हणून घेऊ नये, हे उघड आहे. पण नकोसा आकडा लपवला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

मेंदूचं काय, हा प्रश्न सगळ्यात अवघड. ओंटारिओतल्याच नोंदींवरून २०२० मध्ये गांजा घेणाऱ्या आयांच्या मुलांत स्वमग्नतेचं निदान सुमारे दीडपट आढळलं. २०२४ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात तपासलं तेव्हा तसा संबंध आढळला नाही. एक मूल शाळेत जाईपर्यंत त्याच्या आयुष्यात हजार गोष्टी घडतात, त्यातून पोटात असतानाचा एक धागा वेगळा काढणं कठीण असतं. कॅनडातल्या ओटावा शहरात १९७८ पासून मुलांना लहानपणापासून तपासत आलेल्या अभ्यासात लक्ष टिकवणं, कामाची आखणी करणं अशा बाबतींत बारीक फरक नोंदवले गेले. पण त्या काळचा गांजा फारच सौम्य होता. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसीचं प्रमाण १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के होतं, २०१४ मध्ये ते १२ टक्क्यांवर गेलं. आज दुकानात मिळणाऱ्या काही अर्कांत ते याच्या कित्येक पट असतं. आधीच्या पिढीच्या बायकांचा अनुभव आजच्या बाईला लागू होत नाही तो यामुळे.

तर मग, कायदा बदलल्यामुळे गरोदर बायकांमधला वापर वाढला का?

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी २०१२ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला, दुकानं २०१४ मध्ये उघडली. कॅलिफोर्नियात मतदान २०१६ मध्ये आणि विक्री १ जानेवारी २०१८ पासून. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला देशभर परवानगी दिली. या तारखा लक्षात ठेवून पुढचे आकडे बघा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेत जवळपास आठव्या आठवड्यात प्रत्येक गरोदर बाईला गांज्याबद्दल विचारलं जातं, लघवीही तपासली जाते. तिथे २००९ मध्ये ४.२ टक्के बायकांचा वापर आढळला होता, २०१६ मध्ये ७.१ टक्के. म्हणजे ही वाढ दुकानं उघडायच्या आधीचीच आहे. (तिथे औषध म्हणून गांजा १९९६ पासूनच मिळत होता, हे मात्र विसरायला नको.) पुढे करोनाच्या काळात, जेव्हा तिथली गांज्याची दुकानं अत्यावश्यक सेवेत धरली गेली होती, हे प्रमाण ६.७५ वरून ८.१४ टक्क्यांवर गेलं.

ओंटारिओमध्ये गांज्यामुळे तातडीने रुग्णालयात यावं लागलेल्या गरोदर बायका कायद्यापूर्वी एक लाखात ११ होत्या, नंतर २० झाल्या. आकडा लहान आहे, पण जवळपास दुप्पट.

माझं मत असं की सगळा दोष कायद्याच्या माथी मारणं चूक आणि कायद्याला पूर्ण सोडून देणंही चूक. लोकांच्या मनातली भीती आधी उतरू लागली, मग कायदा बदलला, मग दुकान घराजवळ आलं, आणि या प्रत्येक पायरीने पुढची सोपी केली. कायदा बदलणाऱ्यांनी ठरवलं होतं ते एवढंच की प्रौढ माणसाला यासाठी तुरुंगात टाकू नये. तो निर्णय मला पटतो. पण गर्भाला किंवा दूध पिणाऱ्या बाळाला गांजा चालतो असं त्या निर्णयात कुठेच म्हटलं नव्हतं, ते दुकानाच्या पाटीवरून लोकांनी गृहीत धरलं. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२० मध्ये गांज्याचा धूर आणि टीएचसी यांना गर्भाच्या वाढीला अपायकारक गोष्टींच्या यादीत घातलं. विक्री सुरू होऊन तोवर दोन वर्षं झाली होती.

मळमळीकडे पुन्हा एकदा यायला हवं, कारण तिथे एक क्रूर फेरा आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. वर्षानुवर्षं भरपूर गांजा घेणाऱ्या काही लोकांना मधूनमधून उलट्यांचे असे झटके येतात की थांबता थांबत नाहीत. खूण अशी की त्यांना फक्त कढत पाण्याच्या अंघोळीने बरं वाटतं, दिवसातून कित्येकदा ते न्हाणीघरात जाऊन बसतात. गांजा कायमचा सोडला की झटके थांबतात. आता असे झटके येणारी एखादी बाई गरोदर आहे असं समजा. उलट्या होतात, सगळे म्हणतात गरोदरपणाच्याच आहेत. ती उतारा म्हणून गांजा घेते. उलट्या वाढतात, ती आणखी घेते. म्हणून उलट्यांनी बेजार झालेल्या बाईला डॉक्टरांनी 'गरम पाण्याने बरं वाटतं का?' एवढं जरी सहज विचारलं, तरी एखादीचा उलगडा तिथेच होऊ शकतो.

आणि मळमळीवर दुसरा उपाय नाही असंही नाही. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांचं एकत्रित औषध अमेरिकेत फार पूर्वीपासून होतं. त्याने बाळात व्यंग येतं असे खटले झाले, अभ्यासांत तसं काही सिद्ध होत नसतानाही १९८३ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. ते परत मंजूर झालं २०१३ मध्ये. तीस वर्षं गरोदर बायकांना एका तपासलेल्या औषधापासून दूर ठेवलं गेलं, आणि ते परतलं त्याच्या पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतली दुकानं उघडली. ज्याच्यावर भरपूर अभ्यास झाला त्याची भीती, आणि ज्याच्यावर कमी झाला त्याच्यावर विश्वास, हे बघून जीव कळवळतो.

मग बाई डॉक्टरांनाच का विचारत नाही? कारण तिला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. दुकानात खरेदी कायदेशीर असली तरी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नवजात बाळाच्या लघवीत किंवा पहिल्या काळ्या शीमध्ये गांज्याचा अंश निघाला तर बालकल्याण खात्याला कळवलं जाऊ शकतं, चौकशी होऊ शकते, क्वचित मूल काढूनही घेतलं जातं. हा बडगा सगळ्यांवर सारखा पडत नाही. फ्लोरिडातल्या एका जिल्ह्यात गरोदर बायकांच्या लघवीच्या नमुन्यांवरून १९९० मध्ये आलेल्या अभ्यासात दारू आणि अमली पदार्थांचा वापर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बायकांत साधारण सारखाच निघाला. सरकारकडे मात्र कृष्णवर्णीय बायकांना सुमारे दहापट जास्त कळवलं गेलं होतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हणूनच दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. गरोदरपणात आणि दूध पाजताना गांजा नको, आणि उपचाराला आलेल्या बाईला शिक्षाही नको.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्या तपासणीत लघवीत गांजा सापडलेल्या बऱ्याच जणींनी कागदावर मात्र 'नाही' लिहिलं होतं. दुकानाला फोन करणारी बाई आणि हा कागद भरणारी बाई, दोघींनाही आठवाच आठवडा चालू असतो. फोनवर ती सगळं मोकळेपणाने सांगते. दवाखान्यात पेन हातात घेऊन ती त्या एका ओळीपाशी थांबते, आणि 'हो' लिहिलं तर पुढे कोण विचारायला येईल, डॉक्टर की खात्याचा माणूस, हे त्या कागदावर कुठेच छापलेलं नसतं.